सातेरीच्या वारुळाखाली औषध मारू नका : जीर्णोद्धार समितीला खुले पत्र

प्रति,
श्री देवी सातेरी मंदिर जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष व सर्व सदस्य, बारा-पाचाचे मानकरी आणि मुंबईकर गावकरी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या देवळाचा नकाशा आणि अंदाजपत्रक गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. कळसाचं रंगीत चित्र पाहून बहुतेकांनी हात जोडले. मी अंदाजपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं, कारण अशी अंदाजपत्रकं तयार करणं हेच माझं रोजचं काम आहे. खोदाई, पीसीसी, कॉलम, बीम, स्लॅब, घुमट, ग्रॅनाइट अशा नेहमीच्या नोंदींमध्ये जोत्याच्या कामाखाली एक ओळ आहे : ‘गाभाऱ्यासह संपूर्ण जोत्यास वाळवी प्रतिबंधक रासायनिक प्रक्रिया’. रक्कम किरकोळ आहे, म्हणून कुणाची नजर तिथे थांबली नसावी. मी मात्र त्या ओळीपुढे जाऊ शकले नाही, आणि हे पत्र त्या ओळीसाठीच आहे.

समितीत माहेरवाशिणींना जागा नाही, बैठकीचं बोलावणं आम्हाला येत नाही. वर्गणीची यादी मात्र सासरच्या पत्त्यावर पोचते. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. राग मानू नये.

आपल्या सातेरीला घडवलेली मूर्ती नाही. गाभाऱ्यात जमिनीतून वर आलेलं वारूळ आहे. त्यालाच आपण साडी नेसवतो, त्यावरच मुखवटा चढवतो, ओटी त्याच्याच पुढ्यात ठेवतो. ते वारूळ वाळवीनं बांधलं आहे आणि आजही बांधलं जातं आहे. जत्रेआधी मुखवटा उजळायला काढतात तेव्हा जवळ जाऊन पाहा. डाव्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, काळपट ओल्या मातीची एक पट्टी दिसते. बाकीचं वारूळ फिकट, दगडासारखं टणक; ती पट्टी मऊ, बोट टेकवलं तर माती बोटाला लागते. तिथे पाणी घालायची रीत नाही, वरून गळतही नाही. ती माती खालून आणलेली आहे. कामकरी वाळवी एकेक कण तोंडातून आणते, लाळेनं कालवते आणि लावते. गुरवकाका सांगतात की त्यांच्या आजोबांच्या वेळी मुखवटा बसायचा ती जागा आज साडीच्या निऱ्यांखाली गेली आहे. म्हणजे आपली देवी वाढते आहे, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

आता त्या औषधाचं काम कसं चालतं ते सांगते, कारण समितीतल्या फारच थोड्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं असेल. पायाचे चर खणले की त्यांच्या तळाला आणि बाजूंना औषधाचं पाणी पाजतात. जोत्याचा भराव दाबून सपाट झाला की त्यावर दर चौरस मीटरला ५ लिटर या मापानं पुन्हा फवारतात. औषध बहुधा क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. खालच्या मातीतली वाळवी मरावी आणि पुढे बरीच वर्षं तिथे दुसरी येऊ नये, यासाठीच ते घालतात. घराला ते ठीकच आहे. मी स्वतः किती तरी घरांच्या अंदाजपत्रकात ही ओळ घातली आहे आणि पुढेही घालीन.

पण हे आपण सातेरीच्या गाभाऱ्यात करणार आहोत.

‘वारुळाला धक्का न लावता भोवतीनं जपून मारू’ असं ठेकेदार म्हणाला, असं कळलं. त्यानं काही साधणार नाही. आपल्याला दिसतं ते वारूळ म्हणजे घराचा नुसता माथा. राणी, पिल्लं, अंडी, सगळं खाली जमिनीत असतं. तिथेच ही वाळवी एक बुरशी पिकवते आणि तिच्यावर जगते. पावसात वारुळांवर जी अळंबी उगवतात ती त्याच बुरशीची. बुरशीला लागणारा पाला, काटक्या, सुकं लाकूड आणायला वाळवीची भुयारं जोत्याखालून निघून पार देवीच्या राखीव रानात, रायीत गेलेली असतात. त्या वाटेवरच्या मातीत विष घातलं की वारुळाला हात लावायचीही गरज उरत नाही. आत सगळं उपासमारीनं संपेल आणि आपण वर्षानुवर्षं मेलेल्या मातीला साडी नेसवत राहू. कुणाला कळणारही नाही, कारण वरून काहीच बदललेलं दिसणार नाही. फक्त ती ओली पट्टी पुन्हा दिसणार नाही.

नकाशात गाभाऱ्याच्या मध्यभागी ग्रॅनाइटचा चबुतरा दाखवला आहे आणि त्यावर ‘मूळ वारूळ काचेच्या आवरणात’ असं लिहिलं आहे. ज्यानं नकाशा काढला तो बाहेरचा माणूस, त्याला दोष देत नाही. पण आपल्याला तर माहीत आहे! वारूळ कापून चबुतऱ्यावर ठेवता येत नाही. त्याच्याखाली फरशी घातली की मातीशी नातं तुटलं. काचेत कोंडलं की त्याची हवा गेली. आणि नवी मूर्ती आणून वारूळ मागे ठेवायचा जो दुसरा पर्याय चर्चेत आहे, त्यातही खालचं जोतं तेच आणि औषधही तेच.

सातेरी ही एकट्या आपल्या गावाची नाही. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी, सिंधुदुर्गात गावोगाव सातेरी, तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं की सांतेरी. कुठे वारुळावर मुखवटा आहे, कुठे पुढे पाषाण आणि मागे वारूळ आहे, कुठे नुसती मूर्तीच उरली आहे. वारूळ जिवंत असलेल्या जागा आता शोधाव्या लागतात. नांगर धरणाऱ्या, भात लावणाऱ्या माणसांनी ज्या मातीतून पीक येतं तीच आई म्हणून पुजली. आपल्या गावात तिला अजून हात लावता येतो, तिच्यावर नवी माती चढताना बघता येते. एवढी मोठी गोष्ट आपल्या वाट्याला आली आहे, तिची किंमत आपण करायची नाही तर कुणी करायची?

‘देवीचा कौल झाला आहे’ हे उत्तर मला मिळणार, हे मला माहीत आहे. त्या सकाळी मी देवळात होते. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, ‘बाये सातेरी माये, तुझा देऊळ जुना झाला असा, तां नया बांधूचा म्हणून समस्त गाव एक झालो असा, तुझो हुकूम होवंदे’, आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. कळे लावले. उजवा कळा पडला, म्हणजे देवीनं होकार दिला. कौलावर माझा काही आक्षेप नाही, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझं म्हणणं प्रश्नाबद्दल आहे. नवं देऊळ बांधू का, एवढंच तिला विचारलं गेलं. तुझ्या अंगाखालची माती खणू का, तिच्यात औषध घालू का, हे विचारलं नव्हतं, कारण तेव्हा नकाशा नव्हता की अंदाजपत्रक नव्हतं. मोघम विचारू नये, हे मानकऱ्यांकडूनच आम्ही ऐकत आलो. विहीर खणायची तर कुठल्या कोपऱ्यात, लग्न ठरवायचं तर कुठल्या घरचं, असं नाव घेऊन, जागा सांगून विचारायचं. मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आजही पंचांगावरून निघत नाही. देवीचा कौल व्हावा लागतो, मगच तारीख जाहीर होते आणि मग मुंबईतली माणसं रजा टाकतात, रेल्वे जादा गाड्या सोडते. एका तारखेसाठी एवढी माणसं खोळंबून राहतात. आपल्याला तर एक सकाळ काढून, अंदाजपत्रक पुढे ठेवून, सगळ्या गोष्टी एकेक करून विचारायच्या आहेत. आणि डावा कळा पडला तर तो ऐकायची तयारी ठेवून विचारायच्या आहेत.

आता देऊळ गळतं, लाकूड खराब झालं, या तक्रारींबद्दल. त्या खऱ्या आहेत, मी पावसात ओटी घेऊन आले की पदर भिजतो. पूर्वी मे महिन्यात चार वाड्यांतली पोरं वर चढून शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची. आता पोरं मुंबईला, नाहीतर गोव्याला. वर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर दिवसाची मजुरी परवडत नाही. त्यात माकडांचा उपद्रव. एक टोळी छपरावरून गेली की शाकारणीवर पाणी पडलं म्हणून समजा. मुंबईकरांना वाटतं की एकदाच पैसे घालू आणि कायमची कटकट मिटवू. हे वाटणं मी समजू शकते. चाळीतल्या एका खोलीत संसार करून, ओव्हरटाइम करून देवीसाठी पैसे बाजूला काढणारी माणसं आहेत ती. त्यांच्या पैशातून असं काही उभं राहिलं पाहिजे की त्यांच्या नातवंडांनाही ते पाहता येईल.

म्हणूनच स्लॅबबद्दल स्पष्ट लिहिते. आपलं देऊळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. वाऱ्याबरोबर येणारं मीठ काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतं आणि सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून तडकतं आणि पोपडे निघतात. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही जुन्या स्लॅबच्या घरात जाऊन वर बघा, उघड्या पडलेल्या लालसर सळया दिसतील. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत किनारपट्टीच्या हवेसाठी किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलं आहे. प्रत्यक्ष समुद्राचे तुषार उडत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आपल्या अंदाजपत्रकात एम २० धरलं आहे, आवरणाचा उल्लेखच नाही. असा घुमट आपल्या हयातीतच दुरुस्तीला येईल. कौल फुटलं तर कौल बदलता येतं, घुमटाची सळई कुजली तर काय बदलणार?

उलट जुनं देऊळ ज्यांनी बांधलं त्यांना इथला पाऊस माहीत होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी अंगावर घेणारं छप्पर उतरतंच हवं. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कोयत्यानंही तासता येतो, आणि हवा लागून टणक होत जातो. तो खारी हवा पचवतो. फणसाचे खांब बघा, सगळ्यात जुना खांब देवीच्या उजव्या हाताचा, त्याच्या बुंध्यापाशी तेलाच्या हातांनी काळा गुळगुळीत झालेला पट्टा आहे. मी हातोडीनं ठोकून पाहिला, आवाज भरीव येतो. कुजले आहेत ते वरचे वासे आणि रिपा, तेही पागोळीच्या बाजूचे. बाकी सांगाडा धडधाकट आहे. देवळाच्या लाकडाला वाळवी लागत नाही याचं लोकांना नवल वाटतं. मला त्यात देवीची मर्यादा दिसते, कुणाला आणखी काही कारण दिसेल. पण तिचं वारूळ आणि तिचं लाकडी देऊळ इतकी वर्षं एकमेकांशेजारी नांदलं, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

सभामंडपाबद्दल दोन गोष्टी. नव्या नकाशात मंडपाच्या मधोमध चार कॉलम आले आहेत. दसऱ्याला तरंग निघतात तेव्हा अवसर आलेला, म्हणजे अंगात देव आलेला माणूस साड्यांनी मढवलेली ती काठी घेऊन नेमका तिथेच फिरतो. घरचे, म्हातारेकोतारे, पोरं, सगळे भिंतीला टेकून उभे असतात आणि मधली जागा मोकळी असते. ती जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. तिथे कॉलम आले तर तरंग फिरणार कुठे?

आणि जत्रेचं दशावतारी नाटक. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात, कंपनी येते, मंडपात एका बाजूला साधं बाकडं, शेजारी पेटी, मृदंग आणि झांज. संकासुर येतो, मग आख्यान. हातात लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या बोलतो आणि समोरचा त्याला तसंच उत्तर देतो. रात्रभर हे चालतं आणि पहाटे दहीकाला होतो. आपल्या मंडपात नटाचं साधं बोलणंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं, कारण लाकूड, चिरा आणि उघडी कौलं आवाज गिळतात, घुमू देत नाहीत. भिंतींना टाइल्स आणि वर स्लॅब घातला की शब्दावर शब्द आदळतील. मग माइक येईल, माइकच्या मागून मोठे स्पीकर येतील. ज्या बोलीसाठी आपण थंडीत कांबळं पांघरून बसतो तीच कानाला लागणार नाही. ज्यांनी लहानपणी मांडीवर झोपून अर्धं नाटक ऐकलं आहे अशा प्रत्येक मुंबईकरानं याचा विचार करावा.

रायीचा विषय थोडक्यात संपवते, कारण त्यावर गावात फारसा वाद नाही. पार्किंगसाठी रायीची वरची बाजू सपाट करायचं नकाशात दाखवलं आहे. त्या रायीतून देवीला विचारल्याशिवाय आपण सुकी काटकीसुद्धा उचलत नाही. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे देवराई म्हणून राखल्यामुळे रानजायफळाची दलदल टिकली, तिला २०२१ साली राज्य सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. आपल्या जिल्ह्यातच हे घडलं आहे. गाड्या शाळेसमोरच्या मैदानात लावता येतील, तिथून देऊळ लांब नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी जत्रेपुरती रिक्षा ठेवता येईल. शिवाय वारुळाची भुयारं त्याच बाजूला जातात, हे वर लिहिलंच आहे.

माझी मागणी अशी. वाळवीच्या औषधाची ओळ अंदाजपत्रकातून आजच काढावी आणि तसं लेखी कळवावं, मग बाकी काहीही ठरो. गाभाऱ्याची जमीन खणू नये, तिथे फरशी घालू नये, शेणानं सारवतो तशीच ती राहू द्यावी. पाडकामाऐवजी दुरुस्ती करावी. कुजलेले वासे बदलावेत, चिऱ्याचे सांधे चुन्यानं भरावेत. छपराखाली पत्रा घालून त्यावर मंगलोरी कौलं बसवली तर माकडानं कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही आणि दरवर्षीच्या शाकारणीची कटकट बरीच कमी होते. जिल्ह्यात अनेक घरांवर हे केलेलं आहे, दाखवायला नेते. कौलं आणि लाकूडकाम दोन्ही जाणणारे सुतार अजून आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. महाप्रसादासाठी मोठा हॉल हवा, ही मुंबईकरांची मागणी योग्य आहे. तो हॉल रस्त्याच्या कडेला, देवस्थानच्या मोकळ्या जागेत, चांगल्या काँक्रीटमध्ये बांधावा. देणगीदारांच्या नावांची पाटी तिथे लावावी, मोठ्या अक्षरांत लावावी. जेवणं तिथे होतील, लग्नं तिथे होतील, पावसाळ्यात भजनाचा सप्ता तिथे बसेल.

आणि या सगळ्याला आडवं कुणी येत असेल तर देवीलाच विचारा. फक्त पूर्ण विचारा.

एक गोष्ट मुंबईकर मंडळींना. तुमच्यातल्या काहींनी मला फोन करून सांगितलं की शेजारच्या गावचं देऊळ संगमरवरी झालं, आपलंच मागे राहिलं, पाहुण्यांना दाखवायला लाज वाटते. ज्याला देवी दाखवायची आहे त्याला गाभाऱ्याच्या दाराशी उभं करा आणि ती ओली माती दाखवा. संगमरवर विकत मिळतो, सगळ्या गावांना मिळतो.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक मी सुट्टीच्या दिवसांत करून ठेवलं आहे. मोजमापं स्वतः घेतली आहेत, खर्च नव्या बांधकामापेक्षा बराच कमी येतो, आणि या कामाचे मला काही पैसे नकोत. ठेकेदाराला कामाचा आदेश देण्याआधी एक बैठक देवळातच घ्यावी, तिला माहेरवाशिणींनाही बोलवावं आणि दोन्ही अंदाजपत्रकं समोरासमोर ठेवून वाचावीत. तारीख कळवा, मी येते.

आपली,
गावची एक माहेरवाशीण